दारू हराम आहे, दारू सोडलेला माणूस नाही

'आपल्यात कुणी पीत नाही.' मोहल्ल्यात हे वाक्य नेहमी ऐकू येते. ते खोटे आहे, हे बोलणाऱ्यालाही ठाऊक असते आणि ऐकणाऱ्यालाही. मालेगावात नशेच्या गोळीला 'कुत्ता गोळी' हे नाव पडले, ते कुणी घेतच नाही म्हणून का?

ग्रेग विल्यम्स यांचा 'द अनॉनिमस पीपल' (२०१३) हा अमेरिकन माहितीपट जरूर पाहावा. तो नशेत बुडालेल्यांचा नाही, सावरलेल्यांचा आहे. दिग्दर्शक स्वतः व्यसनातून बाहेर आलेला. माणसे नाव आणि चेहरा घेऊन सांगतात, 'मी सुटलो.' त्याचे म्हणणे असे : १९३५ साली सुरू झालेल्या 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस'ने निनावी राहण्याची प्रथा रुजवली. तिने अनेकांना आधार दिला, पण बरे झालेले लाखो लोक समाजाला दिसेनासे झाले. दिसतो तो फक्त गटारात पडलेला. मग उपचाराची मागणी करणार कोण? अमेरिकेत १९७० साली दारूच्या व्यसनावरील उपचारांचा कायदा झाला, तो पुढाकार घेऊन करवणारे सिनेटर हॅरॉल्ड ह्यूज स्वतः दारू सोडलेले होते आणि ते उघडपणे सांगत.

काही जण म्हणतील, इस्लाम ऐब झाकायला सांगतो. बरोबर. दुसऱ्याचा ऐब चव्हाट्यावर आणू नये. पण ज्याने तौबा केली तो दुसऱ्याला वाचवण्यासाठी स्वतःहून बोलत असेल, तर त्याचे तोंड बंद करणे ही पर्दापोशी नव्हे. ती खानदानाच्या खोट्या इज्जतीची राखण आहे.

बुखारी शरीफमधली हदीस आठवा. दारू पिण्यावरून वारंवार पकडून आणलेल्या एका माणसावर कुणीतरी लानत पाठवली, तेव्हा पैगंबरांनी (स.) त्याला रोखले. तो माणूस अल्लाह आणि रसूलवर प्रेम करतो, असे सांगितले. दारूबंदीचा हुकूमही एका दिवसात नव्हे, टप्प्याटप्प्याने आला. आणि आपण? उपचार घेऊन परतलेल्या पोराला ना रिश्ता देतो, ना नोकरी.

पुण्याचे 'मुक्तांगण' १९८६ पासून चालू आहे. तिथे बरे झालेले रुग्णच पुढे कार्यकर्ते झाले. आपण मात्र अशा माणसाला जमातीत शेवटच्या सफमध्ये ढकलतो.

जुम्याच्या बयानात 'दारू हराम' हजारदा सांगून झाले. आता एकदा हेही सांगा, की उपचार कुठे मिळतो आणि परतलेल्याला पहिला सलाम कोण करणार.