आयतं दिलं म्हणून काय बिघडलं?

परवा पुण्याहून भाच्याचा फोन आला. तो गेली वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. नेहमीची विचारपूस झाली आणि गाडी घसरली. "मामा, तुम्ही पोरांना आयतं भरवताय. आम्ही रात्र-रात्र जागून एकेक सॉफ्टवेअर बसवलं म्हणून शिकलो. आणि तेही विनोबांच्या गावात बसून? स्वावलंबनाचं काय?"

फोनवर मी हसून सोडून दिलं. पण रात्री झोप लागेना, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी झालं काय ते सांगतो. गेल्या मे महिन्यात नात सुट्टीला गागोद्याला आली. गावातल्या सहा मुलांना पायथन शिकवायचं तिने मनावर घेतलं. वर्ग आमच्या ओटीवर. लॅपटॉप पाच, पाचही वेगळ्या पिढीचे! एकावर पायथनची जुनी आवृत्ती, दुसऱ्यावर दोन-दोन आवृत्त्या, तिसऱ्यावर लायब्ररी बसेना. नात एकाचं निस्तरायची तोवर दुसरा हात वर करायचा. यात तीन दिवस गेले.

आठवीतली एक मुलगी मावसभावाचा लॅपटॉप मागून आणत होती. चौथ्या दिवशी भाऊ पनवेलला परतला, लॅपटॉपही गेला. तीन दिवसांत तिने लाल अक्षरातल्या चुका तेवढ्या पाहिल्या, प्रोग्रामची एक ओळही लिहिली नाही. जाताना म्हणाली, "गुरुजी, मला नाही जमणार हे."

जमतं की नाही हे कळायची वेळ तरी कुठे आली होती हो?

दिवाळीत नात पुन्हा आली ती डॉकर घेऊन. नातेवाईक मंडळी विचारतील, हे काय नवीन? आपल्या न्हावा-शेव्याच्या बंदरातून येणारे कंटेनर तुम्ही पाहिलेत. आत काहीही असो, पेटीचं माप ठरलेलं, त्यामुळे तीच पेटी बोटीवरही बसते आणि ट्रेलरवरही. सॉफ्टवेअरमध्ये २०१३ साली आलेल्या डॉकरने ही युक्ती घराघरात नेली. प्रोग्रामला लागणारं सगळं एका पेटीत भरायचं, मग यंत्र कुणाचंही असो.

पेणकरांना याहून सोपं सांगता येईल. गणपतीच्या कारखान्यात साचा एक असतो आणि त्यातून मूर्ती कितीही निघतात. डॉकरमध्ये साच्याला म्हणतात इमेज आणि मूर्तीला कंटेनर. मूर्ती बिघडली तर मोडायची, साच्यातून दुसरी काढायची. मात्र कंटेनर काढून टाकला की आतलं लिखाणही जातं, म्हणून मुलांचे प्रोग्राम बाहेर लॅपटॉपवरच्या फोल्डरात ठेवायचे आणि तो फोल्डर कंटेनरला जोडायचा.

अडचणी नव्हत्या असं नाही. एका लॅपटॉपमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद होतं, ते चालू करावं लागलं. चार जीबी मेमरीचा एक बिचारा धापा टाकत होता. नेटचं म्हणाल तर नातीने इमेज एकदाच उतरवली, 'डॉकर सेव्ह'ने तिची फाईल केली आणि पेनड्राइव्हवरून प्रत्येक लॅपटॉपवर 'डॉकर लोड' केली. पहिल्याच दुपारी पाचही पडद्यांवर मुलांनी आपापली नावं छापली.

आता भाच्याला उत्तर. रात्र-रात्र जागून तू शिकलास हे खरं. पण तुझ्याकडे स्वतःचा कॉम्प्युटर होता, होस्टेलचं नेट होतं, शेजारच्या खोलीत विचारायला मित्र होता. ज्याच्याकडे मागून आणलेला लॅपटॉप आणि चारच दिवस आहेत, त्याने त्यातले तीन उंबऱ्यावर घालवायचे? तू ज्याला तपश्चर्या म्हणतोस तो या पोरांसाठी जकातनाका आहे. आणि जे नाक्यावरून परत गेले त्यांची मोजदाद कुणी करत नाही, कारण अनुभव सांगायला फक्त पोचलेलेच उरतात.

आणि विनोबांचं नाव काढलंस म्हणून सांगतो. त्यांच्या आईला संस्कृत गीता समजायला जड जाई. त्या ओढीतून 'गीताई' आली, १९३२ साली प्रसिद्ध झाली. स्वतः संस्कृत शिकलेल्या माणसाने लोकांना "आधी व्याकरण घोका, मग गीतेकडे या" असं सांगितलं नाही. याला आयतं भरवणं म्हणायचं का?

तुझं एक म्हणणं मात्र मला मान्य आहे. पेटी बंदच राहिली तर पोरं पंगू होतील. म्हणून आमच्या वर्गात एक अट होती. साचा ज्या फाईलवरून बनतो ती डॉकरफाईल शेवटच्या दोन दिवसांत ओळीने वाचायची. पायथनची कोणती आवृत्ती, कोणता फोल्डर, कोणत्या लायब्रऱ्या. आवृत्तीच्या जागी 'लेटेस्ट' लिहायचं नाही, आकडा लिहायचा, नाहीतर आज चाललेलं पुढच्या वर्षी अडेल. मग ती फाईल पुसून स्वतः लिहायची. चौघांना जमली. चाळीस वर्षं मी पाटीवर अक्षर काढून दिलं, मुलांनी ते गिरवलं आणि मग आपलं आपण काढलं. दगडाच्या खाणीतून पाटी काढून आणा असं मी कुणाला सांगितलं नाही.

असो. त्या मुलीला दिवाळीत दोनदा निरोप पाठवला होता. आली नाही. "मला जमत नाही ते" असं आईजवळ म्हणाली म्हणे. येत्या मेमध्ये मी स्वतः तिच्या घरी जाणार आहे, नातीचा लॅपटॉप घेऊन.

भाच्याने आणि तुम्हीही आपलं मत जरूर कळवावं. भांडायला मी तयार आहे!