कौटुंबिक ताण आणि कथानकाचा उत्कर्षबिंदू : ‘शास्ति’च्या निमित्ताने

कथेच्या अध्यापनात आपण कथानकाचा एक ठरीव आराखडा वापरतो : आरंभ, संघर्ष, उत्कर्षबिंदू, उकल. कौटुंबिक ताणावरील कथेला तो लावला की विद्यार्थी सर्वांत ठळक घटनेलाच उत्कर्षबिंदू मानतात आणि कथेचे मर्म निसटते. रवींद्रनाथ टागोरांची ‘शास्ति’ (१८९३) ही बंगाली कथा या दृष्टीने तपासण्याजोगी आहे.

जमीनदाराच्या कचेरीत दिवसभर राबून उपाशीपोटी परतलेला दुखीराम भात मागतो. पत्नी राधा खोचक उत्तर देते आणि संतापाच्या भरात तो तिला ठार करतो. जावांची रोजची भांडणे आधीच सांगितलेली असल्याने खून ही त्या ताणाची परिणती भासते. परंतु तो कथेच्या आरंभीच घडून जातो. खरा पेच पडतो तो गावातील रामलोचन अकस्मात दारात आल्यावर. धाकटा भाऊ छिदाम गोंधळून स्वतःच्या पत्नीचे, चंदराचे, नाव घेतो. बायको दुसरी मिळेल, भाऊ मिळणार नाही, हे त्याचे समर्थन. जावाजावांमधील ताण या क्षणी पतिपत्नींमध्ये येतो.

येथे रचनेचा एक विशेष लक्षात घेतला पाहिजे. छिदामचा संशय, चंदराचे घर सोडून मामाकडे जाणे, हा पूर्वेतिहास निवेदक खुनाआधी नव्हे, तर खुनानंतर सांगतो. तो आधी आला असता तर हा आळ म्हणजे संशयी नवऱ्याने उगवलेला सूड वाटला असता. नंतर आल्यामुळे तो चंदराच्या पुढील वर्तनावर प्रकाश टाकतो. नवऱ्याने पढवलेली बचावाची जबानी ती देत नाही, गुन्हा सरळ पत्करते. पुढे दोघे भाऊ न्यायालयात कबुली देतात, परंतु त्यांच्यावर विश्वास ठेवला जात नाही. फाशीपूर्वी तिला आईला भेटायचे असते. नवऱ्याची भेट ती झिडकारते.

म्हणूनच चंदराला केवळ बळी म्हणून थांबणे मला अपुरे वाटते. उत्तरार्धात कथानकाची सूत्रे तिच्याच हाती आहेत. शीर्षकातील शिक्षा कोणी कोणास दिली, हा प्रश्न भाष्यातून नव्हे, घटनांच्या या मांडणीतून उभा राहतो.

तेव्हा ‘उत्कर्षबिंदू कोणता?’ असे विचारण्याऐवजी ‘ताण कोणत्या क्षणी आपली जागा बदलतो?’ असे आपण विद्यार्थ्यांना विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर पाठ करता येते. दुसऱ्यासाठी कथा वाचावी लागते.