जन्मठेपेवर आणखी काय?

दुसऱ्यांदा चोरी करणाऱ्यास जास्तीत जास्त किती शिक्षा व्हावी? १ जुलै २०२४ रोजी अमलात आलेली भारतीय न्याय संहिता या प्रश्नाची दोन उत्तरे देते. तिच्या ३०३ व्या कलमानुसार अशा चोरास एक ते पाच वर्षे सक्तमजुरी व दंड. १३ व्या कलमानुसार मात्र, मालमत्तेसंबंधी तीन वर्षे वा अधिक कैदेच्या गुन्ह्यात जो पूर्वी दोषी ठरला आहे, तो पुन्हा तशाच गुन्ह्यात सापडल्यास दहा वर्षांपर्यंत कैद किंवा थेट जन्मठेप! हे कलम म्हणजे १८६० च्या दंडसंहितेतील ७५ वे कलम होय. नव्या संहितेने ते जवळजवळ जसेच्या तसे उचलले आहे. विशेष तरतुदीपुढे सामान्य तरतूद चालत नाही, असे वकीलमंडळी सांगतील. तसे असेल तर ते कायद्यातच का लिहू नये?

जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे, हा समज सुशिक्षितांतही रूढ आहे. तो चुकीचा आहे. सरकारने सूट दिली नाही तर जन्मठेप म्हणजे अखेरच्या श्वासापर्यंत कैद, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ सालीच गोपाळ गोडसे प्रकरणात स्पष्ट केले आहे.

मग जो आधीच जन्मठेप भोगत आहे, त्याच्या शिक्षेत वाढ ती कशाची करणार? दुसरी जन्मठेप दिली तरी ती पहिलीबरोबरच चालते; माणसाला आयुष्य एकच. म्हणून जुन्या संहितेने अशा कैद्याने खून केल्यास फाशीच सक्तीची केली होती. १९८३ साली मिठू प्रकरणात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने ते कलम घटनाबाह्य ठरविले. गुन्हा कोणत्या परिस्थितीत घडला हे पाहण्याचा न्यायाधीशाचा अधिकारच त्याने हिरावून घेतला होता. नव्या १०४ व्या कलमाने फाशीला पर्याय दिला, पण तो ‘उर्वरित नैसर्गिक आयुष्याच्या’ कैदेचा. राष्ट्रपती वा राज्यपाल यांच्या दयेखेरीज सुटकेची वाट त्यात उरत नाही. पॅरोलवर असता भांडणात हातून खून झालेला आणि तुरुंगात कट करून खून करणारा, दोघांनाही हेच दोन दरवाजे. मिठू प्रकरणातील आक्षेप अर्धाच दूर झाला, असे आम्हांस वाटते.

खुनी कैद्याविषयी कोणाला फारशी सहानुभूती वाटणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु सायकलचोरास जन्मठेपेच्या छायेत उभे करण्याचे समर्थन कोण करील? संसदेने १३ व्या कलमातून साधी चोरी वगळावी आणि १०४ व्या कलमात सुटकेच्या विचाराला पात्र अशी साधी जन्मठेप देण्याची मुभा न्यायाधीशास द्यावी. दुरुस्ती चार ओळींची आहे.