खाटा जालन्यात, गरज मात्र गावात

मराठवाड्यासाठी जालना येथे ३६५ खाटांचे प्रादेशिक मनोरुग्णालय उभारण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये मान्यता दिली. येरवडा, ठाणे, नागपूर व रत्नागिरी या जुन्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एकही मराठवाड्यात नाही. जालन्याहून पुणे सुमारे तीनशे किलोमीटर, नागपूर त्याहूनही दूर. त्यामुळे या निर्णयाचे स्वागतच केले पाहिजे. तथापि इमारत म्हणजे सेवा नव्हे. सेवेची आखणी खाटांपासून करावयाची की रुग्णाच्या गरजेपासून, हा प्रश्न वैद्यवर्गाने आताच उपस्थित केला पाहिजे.

आपल्या जिल्ह्यात आठ तालुके असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या साडेएकोणीस लाखांहून अधिक आहे. मंठा वा भोकरदनच्या खेड्यातील मनोरुग्ण प्रथम कोठे जातो? निद्रानाश, अरुची, छातीत धडधड, अंगात त्राण नसणे अशा तक्रारी घेऊन तो गावातील वैद्याकडे किंवा औषधाच्या दुकानात येतो. कित्येकदा त्याआधी भगताकडे जाऊन आलेला असतो. रोग बळावल्यावर नातेवाईक त्यास जालन्यास वा संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात नेतात. उपचार सुरू होतात, बरेही वाटते. परंतु दरमहा औषधासाठी रुग्ण व सोबतचा माणूस अशा दोघांची मजुरी बुडते. कुटुंब ऊसतोडीस गेले तर सारा हंगाम औषधाविना जातो. औषध सुटते आणि रोग उलटतो. अशा रुग्णाची निकड आणखी एका खाटेची नसून गावाजवळ अखंड मिळणाऱ्या औषधाची व त्याची विचारपूस करणाऱ्या माणसाची असते.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हेच सांगतो. रुग्णास उपचारांसाठी लांबचा प्रवास करावा लागू नये, दीर्घकाळ रुग्णालयात ठेवणे हा शेवटचा उपाय असावा आणि अत्यावश्यक यादीतील औषधे ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सर्व शासकीय संस्थांत विनामूल्य मिळावीत, असे त्यातील कलम १८ म्हणते. जेथे आयुर्वेदाचे वैद्य उपलब्ध आहेत तेथे आयुर्वेदाच्या यादीतील औषधेही विनामूल्य द्यावीत, अशी तरतूद त्याच कलमात आहे. ही तरतूद आपल्यापैकी किती जणांनी वाचली आहे?

याच अधिनियमाने 'मनोविज्ञान व मानसरोग' या विषयातील पदव्युत्तर वैद्यास मानसिक आरोग्य व्यावसायिकाचा दर्जा दिला आहे. केवळ बी.ए.एम.एस. पदवीधरास तो नाही. काही सन्मित्रांस हा अन्याय वाटतो. चरकसंहितेत उन्माद व अपस्मार यांना स्वतंत्र अध्याय आहेत, सत्त्वावजय ही त्रिविध चिकित्सेपैकी एक आहे, मग आम्हांस अधिकार का नाही, असे ते विचारतात. शास्त्राचा अभिमान रास्तच आहे. परंतु अधिकाराच्या वादात रुग्णाचे हित मागे पडू नये. रोग लवकर ओळखणे, कुटुंबास धीर देणे, योग्य ठिकाणी पाठविणे व चालू औषध सुटू न देणे यांसाठी आपल्या पदवीस कोणताही कायदा आड येत नाही. सत्त्वावजयाचा आरंभही रुग्णाचे म्हणणे शांतपणे ऐकण्यापासूनच होतो.

यास्तव वैद्य व औषधविक्रेते यांनी काही पथ्ये स्वतःहून पाळावीत. मानसोपचारतज्ज्ञाचे चालू औषध 'उष्ण पडते' म्हणून एकाएकी बंद करण्यास सांगू नये. झोप येत नाही म्हणून सर्पगंधेच्या गोळ्या सरसकट देऊ नयेत. तिच्यातील रेसरपिनमुळे विषण्णता वाढू शकते, हे सर्वज्ञात आहे. अल्प्राझोलमसारख्या गोळ्या एच-१ अनुसूचीत आहेत. त्या चिठ्ठीविना देऊ नयेत व त्यांची नोंदवही ठेवावी. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा रुग्ण करीत असेल तर त्यास एकटे सोडू नये. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक दवाखान्यात व दुकानात दर्शनी भागी लावावा.

आता शासनाकडे मागावयाचे. प्रत्येक तालुक्यात ठरलेल्या वारी मानसोपचारतज्ज्ञाचा बाह्यरुग्ण विभाग असावा. ग्रामीण रुग्णालयात औषधांचा साठा कधीही संपू नये. ऊसतोडीस जाणाऱ्या रुग्णास हंगामापूर्वी पुरेसे औषध व उपचारपत्र हाती मिळावे. रुग्णालयातून घरी जाणाऱ्याची माहिती त्याच्या संमतीने गावच्या आशा कार्यकर्तीस व वैद्यास कळावी. इटलीतील ट्रिएस्ट येथे फ्रँको बसाग्लिया यांनी १९७० च्या दशकात मनोरुग्णालयाची दारे उघडून वस्तीवस्तीत केंद्रे उभी केली. १९७८ मध्ये त्या देशाने तसा कायदाच केला. तेथील साधने आपल्याकडे नाहीत हे खरे. परंतु सेवेने रुग्णाच्या दारी जावे, हे तत्त्व घेण्यास साधनांची अडचण नाही.

आपल्या संघटनेच्या तालुका शाखांनी आगामी बैठकीत हा विषय घ्यावा आणि वरील मागण्यांचे निवेदन जिल्हा शल्यचिकित्सकांस द्यावे. जालन्याच्या मनोरुग्णालयाचे यश किती खाटा भरल्या यावरून मोजले जाऊ नये. किती रुग्णांस खाटेची गरजच पडली नाही, यावरून ते मोजले जावे.