भाडेकरूला मुदत नको, आधार हवा

आपत्तीत उत्पन्न थांबलेल्या भाडेकरूला शासन दोन गोष्टी देऊ शकते : मुदत किंवा पैसा. २०२० च्या टाळेबंदीत आपल्याकडे प्रामुख्याने मुदतच देण्यात आली. कामगारांकडून एक महिना भाडे मागू नये, असा आदेश केंद्रीय गृह मंत्रालयाने २९ मार्च २०२० रोजी काढला. भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलावी, अशी सूचना महाराष्ट्राच्या गृहनिर्माण विभागाने एप्रिलमध्ये केली. परंतु पुढे ढकललेले भाडे माफ होत नाही. त्याची थकबाकी साचते. रोजंदारी बुडालेल्या कुटुंबाला ती फेडता येत नाही आणि एका खोलीच्या भाड्यावर गुजराण करणाऱ्या घरमालकाचीही कोंडी होते.

पैशाचे आश्वासन दिल्लीत दिले गेले. ज्या गरिबांना भाडे परवडणार नाही त्यांचे भाडे सरकार भरेल, असे तत्कालीन मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांनी त्याच २९ मार्च रोजी जाहीर केले. मदत न मिळाल्याने प्रकरण न्यायालयात गेले. असे आश्वासन अंमलबजावणीयोग्य ठरते, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने जुलै २०२१ मध्ये दिला. सप्टेंबरमध्ये खंडपीठाने त्याला स्थगिती दिली. ना योजना, ना तरतूद, ना लाभार्थ्यांची यादी. मग घोषणा हवेत विरणे ओघानेच आले.

अमेरिकेने दोन कायद्यांद्वारे भाडेसाहाय्यासाठी सुमारे ४६.५ अब्ज डॉलर मंजूर केले. तेथेही कागदपत्रांच्या अटींमुळे आरंभी निधी संथपणे पोहोचला आणि ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घर रिकामे करवण्यावरील केंद्रीय बंदी उठवली, तेव्हा अनेक कुटुंबे मदतीच्या प्रतीक्षेतच होती. केवळ निधी असून भागत नाही. तो पोहोचवणारी यंत्रणा संकटापूर्वीच उभी असावी लागते.

गोव्याने यातून बोध घ्यावा. औद्योगिक वसाहतींच्या परिसरात भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या अनेक कामगारांकडे लेखी भाडेकरार नसतो. सुरक्षेसाठी भाडेकरूंच्या पडताळणीचा आग्रह पोलीस धरतात. मात्र तोच भाडेकरू अडचणीत आला, तर त्याला मदतीसाठी शोधणारी यंत्रणा नाही. साधा नोंदणीकृत करार, पंचायत व पालिका पातळीवरील अर्जाची सोय, अर्थसंकल्पातील छोटा राखीव निधी आणि भाडे थेट घरमालकाच्या खात्यात जमा करण्याची पद्धत, एवढ्यावर आरंभ करता येईल. संशयासाठी नोंद ठेवणाऱ्या शासनाला साहाय्यासाठीही ती ठेवता यायला हवी.