डोंगरात कंपनीचा पैसा : रोपे मोजायची की जंगल राखायचे?

वेळापूर परिसरातील उसाला नीरा उजव्या कालव्याचे पाणी मिळते. नीरेचा उगम भोर तालुक्यातील सह्याद्रीत, तर भीमेचा भीमाशंकरला. माळशिरस तालुक्यात पाऊस कमी पडला तरी आपली बागायत तगते, ती घाटमाथ्यावरच्या पावसामुळे. तिथल्या उतारावर झाडी टिकली तर पाणी मुरते आणि माती जागेवर राहते. उतार उघडा पडला तर गाळ वाहून धरणात साठतो. म्हणून डोंगरातील जंगल कोणाच्या पैशाने आणि कसे राखले जाते, हे तुम्हीही समजून घ्यायला हवे.

कंपन्या पैसा का देतात?

कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. हा सीएसआर निधी पर्यावरण संवर्धनासाठीही वापरता येतो.

ऑक्टोबर 2023 मध्ये केंद्राने ग्रीन क्रेडिट नियम आणले. फेब्रुवारी 2024 च्या निकषांत हेक्टरी किमान 1100 झाडे आणि प्रत्येक झाडामागे एक क्रेडिट असा हिशोब होता. त्यावर टीका झाली. गवताळ माळरानावर दाट झाडे लावणे म्हणजे तिथला निसर्ग सुधारणे नव्हे. ऑगस्ट 2025 मध्ये निकष बदलले. आता किमान पाच वर्षे काम आणि 40 टक्के वृक्षछत्र अपेक्षित आहे. यातून एक गोष्ट लक्षात घ्या : पैसा ज्या मोजमापावर मिळतो, काम त्याच दिशेने जाते.

भीमाशंकरचा हिरडा

भीमाशंकर अभयारण्य 1985 मध्ये घोषित झाले. क्षेत्र सुमारे 130 चौरस किलोमीटर. शेकरूसाठी ते ओळखले जाते. या भागातील महादेव कोळी कुटुंबे पूर्वीपासून हिरडा गोळा करतात. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने त्यांच्यासोबत हिरडा व बेहड्यासाठी फेअरवाइल्ड प्रमाणपत्राची पद्धत रुजवली. खरेदीदारांत ब्रिटनची पुक्का हर्ब्स ही कंपनी राहिली आहे.

या पद्धतीत झाड तोडायचे नाही, फांद्या मोडायच्या नाहीत. काही फळे बी आणि वन्यजीवांसाठी झाडावरच सोडायची. त्या बदल्यात गोळा करणाऱ्याला चढा भाव मिळतो. बेहड्याच्या जुन्या, मोठ्या झाडांच्या ढोलीत धनेश पक्षी घरटे करतो. म्हणजे लाकडासाठी एकदाच विकले जाणारे झाड उभे राहून दरवर्षी उत्पन्न देते आणि पक्ष्यांचा आसराही टिकतो.

याला मर्यादाही आहे. खरेदीदार मोजके असतात. मागणी घटली तर भाव आणि राखण दोन्ही ढासळू शकतात. म्हणून एकाच कंपनीवर विसंबू नये.

गावात असा प्रस्ताव आला तर काय तपासाल?

- पैसा रोपे लावण्यासाठी आहे की जगवण्यासाठी? तिसऱ्या उन्हाळ्यात पाणी कोण घालणार?
- झाडे स्थानिक आहेत का? माळावर गवत राखणेच योग्य ठरेल का?
- गायरान घेणार असतील तर चराईचे काय?
- क्रेडिट कोणाच्या नावावर जमा होणार? तुमचा वाटा लेखी आहे का?
- करार किती वर्षांचा? मधेच बाहेर पडता येईल का?
- वनजमीन असल्यास वनहक्क कायदा 2006 नुसार गौण वनोपजावरील हक्क अबाधित राहतात का?

विस्तार कार्यकर्त्यांनी हे मुद्दे ग्रामसभेत वाचून दाखवावेत आणि कराराची मराठी प्रत आधीच मागून घ्यावी. बांधावर झाडे लावण्याचा वैयक्तिक करार असेल, तरी सही करण्यापूर्वी सातबाऱ्यावर कोणता बोजा किंवा नोंद चढणार आहे का, हे तलाठ्याकडून तपासून घ्या.