विश्लेषण : बिझनेस ॲनालिसिस शिकायचेय? आधी हिवरे बाजारचा पाण्याचा ताळेबंद वाचा

नोकरी शोधणाऱ्या नगरच्या इंजिनीअर मुलामुलींच्या मोबाइलवर हल्ली एक जाहिरात हमखास येते. कोडिंग न येताही बिझनेस ॲनालिस्ट होता येते, असे ती सांगते. कोर्समध्ये एक्सेल, पॉवर बीआय, जिरा शिकवतात, फ्लोचार्ट काढून घेतात आणि शेवटी प्रमाणपत्र देतात. यात वाईट काही नाही, पण या कामाचा गाभा त्या साधनांत नाही. तो कळायला पुण्याची बसही पकडावी लागत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातच, नगर तालुक्यातील हिवरे बाजारमध्ये, तो बरीच वर्षे ग्रामसभेत मांडला जातो आहे.

बिझनेस ॲनालिस्ट नेमके करतो काय?

समोरचा माणूस जे मागतो आणि त्याला जे लागते, त्यातले अंतर तो शोधतो. दुकानदार म्हणतो, ‘ॲप बनवून द्या’. चार प्रश्न विचारले की कळते, माल दोन वह्यांत लिहिला जातो आणि त्या वह्या कधीच जुळत नाहीत. अशा दुकानाला ॲप दिले तर चूक मोबाइलवर दिसू लागेल, इतकेच. म्हणून आधी विचारायचे : अडचण कोणाची, आज काम कसे चालते, बदलाचा फायदा कोणाला, झळ कोणाला आणि काम झाले हे ठरवायचे कशावरून? हे शेवटचे दोन प्रश्नच बहुतेक प्रकल्पांत राहून जातात.

हिवरे बाजारने काय वेगळे केले?

1972 च्या दुष्काळानंतर गाव उतरणीला लागले होते. डोंगर बोडके, विहिरी कोरड्या, तरुण कामासाठी बाहेर. 1989 मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. ते एम.कॉम. झालेले आहेत आणि पुढे गावात जे घडले त्यात हिशेबाची सवय स्पष्ट दिसते. गावाची मागणी साधी होती, पाणी हवे. त्यावर तयार उत्तरेही होती : बोअर घ्या, टँकर मागवा. पण सरासरी 400 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या गावात जास्त बोअर म्हणजे त्याच पाण्याला जास्त नळ्या लावणे.

आधी पडणारे पाणी अडवायचे ठरले. 1990 च्या दशकात आदर्श गाव योजनेतून समतल चर, बंधारे झाले. त्यासोबत कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान हे नियम आले. बहुतेक लेख इथेच थांबतात. खरी गोष्ट मागणीच्या बाजूची आहे. गावाने शेतीसाठी बोअर बंद केले, ऊस आणि केळी घ्यायची नाही असे ठरवले. ज्या जिल्ह्यात 1950 मध्ये प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि उसाने पुढे राजकारण, कॉलेजे, दवाखाने सगळे उभे केले, तिथे एखाद्या गावाने उसाला नाही म्हणणे ही लहान गोष्ट नव्हे.

ताळेबंद कसा मांडतात?

2004 पासून भूजल विभागाच्या मदतीने गावात दरवर्षी पाण्याचा ताळेबंद होतो. पर्जन्यमापकावरून पाऊस आणि निरीक्षण विहिरींवरून भूजलाची पातळी कळते. गणित शाळेतलेच आहे. एका हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 हजार लिटर पाणी. गावाचे क्षेत्र सुमारे 977 हेक्टर, म्हणजे 100 मिलिमीटर पावसात शिवारावर सुमारे 97 कोटी 70 लाख लिटर पाणी पडते. आकडा डोळे दिपवतो. पण त्यातले काही वाहून जाते, काही बाष्प होऊन उडते, काही मातीत मुरते. हाती उरते ते बरेच कमी.

उरलेल्यातून आधी माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे पाणी, मग घरगुती वापर बाजूला काढतात. त्यानंतर जे राहते त्याचे 70 टक्के शेतीला आणि 30 टक्के जमिनीत पुढच्या काळासाठी. मग ग्रामसभेत ठरते की यंदा रब्बीला काय आणि किती पेरायचे. पाऊस कमी तर जास्त पाण्याची पिके कमी. कॉर्पोरेट भाषेत याला ‘प्रायोरिटायझेशन’ म्हणतात आणि त्यावर दोन दिवसांची कार्यशाळा घेतात.

झळ कोणाला?

चराईबंदी कागदावर एका ओळीत लिहून होते. पण जमीन नसलेल्या, शेळ्या-मेंढ्यांवर पोट असलेल्या घराला ती ओळ पहिल्याच आठवड्यात लागते. हिवरे बाजारने गवत कापून नेण्याची मुभा ठेवली, जनावरे मोकळी सोडायची नाहीत. म्हणजे नियमाबरोबर पर्यायही दिला. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीसारख्या गावांत पाणलोटाचे काम करणाऱ्या ‘वॉटर’ संस्थेची पद्धतही लक्षात घेण्यासारखी आहे. गावाचा एकच नकाशा न काढता शेतकऱ्याला सोबत घेऊन गटागटावर फिरायचे, बांध कुठे घालायचा हे जागेवर ठरवायचे. ज्याच्या शेतात काम त्याची हरकत काम सुरू होण्याआधीच कळते. सॉफ्टवेअर कंपनीत हीच हरकत ॲप तयार झाल्यावर कळते आणि तिला ‘चेंज रिक्वेस्ट’ म्हणतात.

मोजमाप चुकले तर?

जलयुक्त शिवार अभियानाचा कॅगचा अहवाल 2020 मध्ये विधिमंडळात आला. योजनेवर 9,633.75 कोटी रुपये खर्च झाले होते. नगरसह 6 जिल्ह्यांतील 120 गावे तपासली गेली. त्यातली 80 गावे जलपरिपूर्ण जाहीर झाली होती, प्रत्यक्षात 29 च तशी निघाली. किती बंधारे झाले हे मोजले की अहवाल भरतो. उन्हाळ्यात गावात टँकर येतो का, हे मोजले की खरे कळते. पहिले काम मोजणे, दुसरे परिणाम मोजणे. प्रकल्पाच्या पहिल्याच बैठकीत दुसरे लिहून घेतले नाही तर ठेकेदार, अधिकारी आणि आयटी कंपनी हे सगळे पहिलेच मोजतात, कारण ते सोपे असते.

अर्थात हिवरे बाजार लहान गाव आहे. तिथे कोणाच्या विहिरीवर काय पेरले हे सगळ्यांना दिसते, नियम मोडला तर लपत नाही. ते जसेच्या तसे मोठ्या बागायती गावात चालेल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. हिशेब मात्र कुठेही मांडता येतो. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्टचा विषय शोधणाऱ्यांनी आपलेच गाव घ्यावे. महसूल मंडळाचा पाऊस महावेधच्या केंद्रांवरून मिळतो, पिकांची नोंद ई-पीक पाहणीत असते, जनावरांची संख्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारता येते. यात एकच रकाना रिकामा राहील : रात्री वीज आली की किती बोअर सुरू होतात आणि किती तास चालतात. तो कुठल्याच ॲपमध्ये नाही. त्यासाठी संध्याकाळी पारावर बसावे लागेल आणि पहिल्या दिवशी कोणी खरे सांगणार नाही.